डिचोलीची पेठ आणि दप्तरात नसलेली माणसे

गोव्यातल्या डिचोलीत १६४० साली पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात युद्ध पेटले, ते पुढच्या वर्षापर्यंत चालले आणि तह होऊन मिटले, असे इंग्रजी विकिपीडियावर पाच वर्षांहून अधिक काळ वाचायला मिळत होते. २००७मध्ये कोणी अनामिकाने हा सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख तिथे चढवला. त्याला तळटीपा होत्या, आधाराला ग्रंथांची नावे होती. त्याच वर्षी त्याला उत्तम लेखाचा दर्जाही मिळाला. २०१२ संपता संपता एका चिकित्सक वाचकाने ते ग्रंथ शोधायला घेतले, तेव्हा कळले की असले ग्रंथ अस्तित्वातच नाहीत आणि असले युद्धही कधी झालेले नाही. मग लेख काढून टाकण्यात आला.

१६४० साली डिचोलीचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे होता आणि शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. एवढे ठाऊक असलेली माणसे आमच्या गावात शेकड्यांनी सापडतील. तरीही पाच वर्षांत आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. आपल्या गावाविषयी बाहेर काय लिहिले जाते याकडे आमचे लक्ष नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक बोचते. त्या लेखाशेजारी ठेवून ताडून पाहावा असा, डिचोलीने स्वतः लिहिलेला डिचोलीचा इतिहास कुठे होता? खोटे युद्ध जगभर वाचले गेले आणि खरी पेठ, जी पिढ्यान्‌पिढ्या डिचोली नदीच्या काठावर माल उतरवत, तोलत, विकत आली, तिच्याविषयी गॅझेटियरमध्ये जेमतेम काही ओळी आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. डिचोली, सांखळी, म्हापसा, बाणस्तारी, कुडचडे अशा नदीकाठच्या बाजारगावांचा इतिहास तिथल्या रहिवाशांच्या तोंडून नोंदवून घेणे, तो तपासणे आणि जपणे हे नगरपालिकांचे आणि पंचायतींचे काम आहे. दिवाबत्ती आणि कचरा जसा त्यांच्याकडे आहे तसेच हेही असले पाहिजे. निवृत्त शिक्षकाच्या हौसेवर, एखाद्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेवर किंवा बाहेरून प्रबंधासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यावर ते सोडून चालणार नाही.

आमच्या तालुक्यात इतिहास नाही असे कोणी म्हणणार नाही. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळावर शिलालेख आहे: शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांनी देवालयाचे काम सुरू केले तो दिवस आपल्याला वारासकट माहीत आहे. डिचोलीतला नमाजगाह औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता त्या १६८०च्या दशकातला मानला जातो. पुढे सावंतवाडीकर भोसले आले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाग पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, गेला. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ची. त्यातले कागद ज्यांनी आयुष्यभर चाळले, लावले आणि छापून काढले ते पांडुरंग पिसुर्लेकर इथून हाकेच्या अंतरावरच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे. म्हणजे दप्तर आहे आणि दप्तर वाचण्याची परंपराही आपल्याच मातीतली आहे.

पण त्या दप्तरात कोण आहे? तह करणारे, खंडणी मागणारे, सारा भरणारे, फितूर झालेले आणि शिक्षा झालेले. सरकारला ज्याच्याशी काम पडले तो कागदावर आला. बुधवारी पहाटे डोक्यावर पाटी घेऊन साळ किंवा मेणकुऱ्याहून चालत आलेली बाई सरकारला कशाला आठवेल? तिने कर चुकवला नाही, बंड केले नाही. तिने फक्त पेठ चालवली.

बंदरवाडा हा डिचोलीतला वाडा आजही नदीच्या अंगाला आहे आणि जुनी माणसे सांगतात ते असे. रस्ते आणि पूल होण्याआधी माल पाण्यावरून यायचा. भरती लागली की होड्या वर चढायच्या, सुकतीला परत खाली जायच्या. तारी आणि हमाल घड्याळ बघत नसत, पाणी बघत. बाजाराची वेळसुद्धा भरती कधी लागणार यावर मागेपुढे व्हायची. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, कौले यायची. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, मिरच्या आणि गूळ, रामघाटाच्या आणि चोर्ल्याच्या वाटेने. सत्तरीच्या डोंगरातून काजू, सुपारी, बांबू, जळाऊ लाकूड. या तीन वाटा जिथे मिळाल्या तिथे पेठ बसली. कुंभारांची मडकी आणि कांसारांच्या समया इथे का टिकल्या, याचे उत्तरही त्यातच आहे. माती आणि कारागीर अनेक गावांत असतात. पण जड आणि फुटणारा माल दूरवर न्यायचा तर पाण्याची वाट लागते.

हे सगळे आज सांगणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. १९६१ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आता ऐंशीच्या घरात आहे. त्याला विचारले तर तो पुस्तकात नसलेला गोवा सांगतो. १९५०च्या दशकात भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, घाटावरचा माल तुटला आणि पेठेत हॉलंडचे बटाटे, ब्रह्मदेशचा तांदूळ आणि सिलोनचा चहा आला. दोडामार्ग आमच्यापासून जवळ, म्हणजे सरहद्द जवळ. त्या काळात सरहद्दीवरून रात्री काय गेले आणि काय आले याच्या गोष्टी अजूनही लोक आवाज उतरवून सांगतात. १९५९मध्ये रुपिया जाऊन एस्कुद आला, एका रुपियाला सहा या दराने. दुकानदारांनी जुनी उधारी नव्या नाण्यात कशी फिरवली, कोण त्यात फसले, कोणी गिऱ्हाइकाला सांभाळून घेतले, हे कुठल्याही सरकारी ठरावात मिळणार नाही. ते उधारी घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ठाऊक आहे. आणि मग १८ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्य गोव्यात शिरले तो दिवस. माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा इथले पूल उडवून दिले. युद्धाच्या इतिहासात ही एक ओळ आहे. पूल नसताना पुढचे दिवस पेठेत माल कसा पोचला, होडीवाल्यांनी काय केले, लोक नदी कुठून ओलांडत होते, ही डिचोलीची ओळ आहे आणि ती डिचोलीनेच लिहायची आहे.

बाजाराच्या आठवणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती चवथीच्या आधीच्या माटोळीच्या बाजाराची. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी कांगणे, माट्टीची फळे, करमळ, आंबाडे, तोरिंगण, सुपारीची शिपटी, रानातली किती तरी फळे आणि वेली सत्तरी-डिचोलीच्या रानांतून बायका घेऊन येतात. कोणते फळ कोणत्या डोंगराच्या कोणत्या उतारावर मिळते, कोणत्या वर्षी ते मिळेनासे झाले, खाण आल्यावर कोणती जागा गेली, हे त्यांना तोंडपाठ आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ही मोठी नोंद आहे. पण या बायकांना आजवर कोणी विचारले असेल तर एवढेच, ‘कितीला दिलं?’ पावसाळ्याआधीच्या पुरुमेताच्या बाजाराचेही तेच. सोले, चिंच, सुकी सुंगटे, कांद्यांच्या माळा, मीठ, उकडे तांदूळ: चार महिन्यांचा साठा एका कुटुंबाला किती लागायचा, कुडवाच्या मापाने किती आणि पैशाने किती, हे एखाद्या आजीने सांगितले तर त्या काळच्या गोव्याच्या घरखर्चाचा तो पुरावा होतो.

यावर पहिली हरकत ठरलेली आहे. आठवणींवर इतिहास कसा लिहायचा? माणूस विसरतो, वाढवून सांगतो, आपल्या घराण्याचे मोठेपण घुसडतो, दुसऱ्याचे दोष आठवतो. हरकत खरी आहे आणि ती उडवून लावू नये. माझ्याच अनुभवातले उदाहरण देतो. म्हातारी माणसे ‘पूल मोडला तेव्हा’ असे म्हणतात, पण मोडलेले पूल दोन आहेत: १९६१ साली उडवलेला डिचोलीचा आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळलेला पणजीचा मांडवीवरचा. दोन्ही वेळा होडी आणि फेरीबोट यांच्यावर भिस्त आली आणि आठवणीत ते दिवस एकमेकांत मिसळतात. म्हणून ऐकणाऱ्याला विचारता आले पाहिजे: तेव्हा हातात नाणे कोणते होते? पणजीची बस चालू होती का? तुमचे लग्न झाले होते का? थोरला मुलगा शाळेत जायला लागला होता का? चार प्रश्नांत वर्ष सापडते. एकाच प्रसंगाविषयी पेठेतल्या दुकानदाराला, हमालाला आणि मासळीवालीला वेगवेगळे बसवून विचारले की कोण कुठे वाढवतो तेही दिसते. ही शिस्त शिकता येते आणि शिकवता येते.

शिवाय छापील तळटीप म्हणजे सत्य, हा भ्रम त्या बनावट युद्धाने कायमचा मोडायला हवा होता. त्या लेखाला तळटीपांची कमतरता नव्हती. त्याच्याजवळ डिचोलीत राहिलेला एकही माणूस नव्हता.

दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. आठवणी गोळा करायच्या म्हटले की आपल्याकडे पहिली खुर्ची पेठेतल्या जुन्या घराण्याला दिली जाते. त्यांनी अवश्य बोलावे, त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. पण पेठ फक्त दुकानाच्या गादीवरून दिसत नाही. ओट्यावर कोणाला बसू दिले जात होते आणि रस्त्याकडेला कोणाला बसावे लागत होते? पाणी कोणाला वरून ओतले जात होते? भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडावरचे नारळ बाजारात आणणाऱ्या मुंडकाराला, म्हणजे त्याच्याच जमिनीत घर करून राहणाऱ्याला, घरी काय न्यायला मिळत होते? १९६४चा कूळकायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा आले तेव्हा बुधवारच्या बाजारात कोणाची मान वर झाली आणि कोणी कोणाशी बोलणे टाकले? पेठेतल्या मुसलमान घरांच्या आठवणी, कुंभारवाड्याच्या आठवणी, खाणीवर ट्रक भरायला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या कानडी मजुरांच्या आठवणी यांना तेवढीच जागा हवी. हे ऐकताना काही घरांना वाईट वाटेल. वाटू द्यावे. ज्या आठवणींनी कोणालाच त्रास होत नाही तेवढ्याच गोळा करायच्या असतील तर स्मरणिकाच काढाव्यात, नगरपालिकेचा पैसा खर्च करू नये.

आणि पैसा खर्च करावा, असे मी म्हणतो त्याचे कारण भावनेचे नाही. मला ही नोंद हवी आहे ती निर्णय घेण्यासाठी.

पुराचे घ्या. २३ जुलै २०२१ला गोव्यात आलेला पूर १९८२नंतरचा सर्वांत मोठा, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. मग १९८२ला डिचोलीत आणि सांखळीत पाणी कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते? कोणत्या देवळाची कितवी पायरी बुडाली? पाणी आधी नदीतून आले की मागच्या ओहोळातून फिरून आले? भरती होती की सुकती? नदीकाठच्या प्रत्येक घरात याची उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी जुळतात, कारण ज्याच्या घरात पाणी शिरते तो ती पायरी विसरत नाही. पण संरक्षक भिंत किती उंच बांधायची, पंप कुठे बसवायचा, कोणत्या शेतात भराव टाकायला परवानगी द्यायची, हे ठरते तेव्हा या घरांना विचारले जात नाही. सल्लागार येतो, चार दिवस मोजमाप करतो, अहवाल देतो. त्याचे गणित बरोबर असेलही. त्या गणिताला पन्नास वर्षांची मोजमापे लागतात आणि ती कागदावर नसतील तर माणसांजवळ आहेत.

नदीचेही तसेच. ती किती खोल होती? माणूसभर पाण्यात पोहायला कुठे शिकत होतो? कोणत्या वर्षानंतर होडी अडकायला लागली? लोहखनिजाच्या खाणींचा गाळ ओढ्यांतून उतरून नदीत बसला हे आम्ही सगळे म्हणतो. पण ‘सगळे म्हणतात’ हा वाक्प्रचार कुठल्याही सुनावणीत टिकत नाही. त्याऐवजी तीस माणसांनी वेगवेगळे सांगितलेले, तारीख आणि जागा ताडून घेतलेले जबाब असले तर ते टिकतात. २०१२ला खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या. २०२२च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्या गटात डिचोली, मुळगाव, शिरगाव, मये ही आमचीच गावे होती. म्हणजे हा प्रश्न गतकाळाचा नाही. खाण परत सुरू होताना नदी आणि शेते कशी होती याची नोंद आपल्याकडे नसेल, तर दहा वर्षांनी नुकसान कशाशी तुलना करून दाखवणार? खाणीने इथे घरे उभी केली, मुले शिकवली, ट्रकांचे हप्ते फेडले, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे. ते सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत.

भाषेचा वाद या कामात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणूस ज्या भाषेत आठवतो त्या भाषेत त्याला बोलू द्यावे. डिचोलीतली आजी कोकणीत सुरुवात करते, देवाधर्माचे आणि शाळेचे सांगताना मराठीत जाते आणि पोर्तुगीज काळातल्या कचेरीचे शब्द मधेच येतात. ते ध्वनिमुद्रण तसेच ठेवावे. लिखित प्रत दोन्ही भाषांत करावी. जुन्या दुकानांच्या चोपड्या, रोजमेळ, खतावण्या हा दुसरा ठेवा. घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा त्या पहिल्यांदा रद्दीत जातात. त्यातल्या काही मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आता मोजकेच. मूळ वह्या घरच्यांकडेच राहू द्याव्यात, फक्त पानांची छायाचित्रे घ्यावीत. कोणी आपला ठेवा सरकारजमा करायला तयार होत नाही आणि होऊही नये.

हे करायला मोठी संस्था लागत नाही. नगरपालिकेच्या इमारतीत एक खोली, दोन बरी ध्वनिमुद्रण यंत्रे, महाविद्यालयातून इतिहास शिकून बाहेर पडलेली, पगारावर नेमलेली दोन तरुण माणसे आणि त्यांना वर्षभर वेळ. पगारावर, हा शब्द मी मुद्दाम वापरला; मानधनाच्या आणि प्रमाणपत्राच्या आशेवर असली कामे दिवाळीपर्यंत चालतात. सुशोभीकरणाच्या कमानी, रोषणाई आणि ग्रॅनाइटचे फलक यांवर आपल्या गावांत जो खर्च होतो त्याच्या एका तुकड्यात हे भागेल. ज्या गावात ‘नवा सोमवार’ या उत्सवात शांतादुर्गेची पालखी पेठेतून फिरते आणि रात्र रात्र गाण्याच्या बैठकी रंगतात, कोणत्या वर्षी कोण गायले आणि कोणता राग जमला हे ऐकणाऱ्यांना अजून आठवते, त्या गावाला स्मरणशक्तीची उणीव आहे असे मला वाटत नाही. उणीव आहे ती लिहून घेणाऱ्याची.

बोलणाऱ्याची संमती लेखी घ्यावी. हयात असेपर्यंत अमुक भाग उघड करू नका, असे कोणी सांगितले तर ते पाळावे. सरहद्दीवरच्या रात्रींविषयी माणसे त्याशिवाय बोलणार नाहीत. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि एक पणजीच्या पुराभिलेखागारात जावी, म्हणजे पुढच्या नगरमंडळाच्या मर्जीवर ती अवलंबून राहणार नाही.

डिचोली आणि सांखळी या दोन नगरपालिकांनी येत्या बैठकीत दोन ठराव घेतले तरी सुरुवात होईल. पहिला, पुढच्या जूनआधी नदीकाठच्या भिंतींवर १९८२ आणि २०२१च्या पुराच्या पातळीच्या खुणा, रहिवाशांना विचारून आणि लेव्हल लावून, रंगवाव्यात. दुसरा, बाजाराच्या कुठल्याही नव्या इमारतीचा किंवा नूतनीकरणाचा आराखडा मंजूर करण्याआधी आठवडी बाजाराचा, आणि चवथीच्या आधीच्या माटोळीच्या बाजाराचाही, नकाशा काढावा: कोण कुठे बसते, किती वर्षांपासून, कोणत्या गावाहून येते, त्या जागेवर आधी तिची सासू बसत होती की आई. आणि हा नकाशा काढायला जाणाऱ्याने ओट्यांपासून सुरुवात न करता रस्त्याच्या कडेने सुरुवात करावी.